रंग न लावलेली जागा

कुसाबाई: ते भिंतीवरचं आधी खाली घे, मंग मला पानी दे.

नाथा: पाणी देतो. चित्र राहील तिथंच.

कुसाबाई: नाथा, वणीवरून उभ्यानं आलेय यष्टीत. अकराला पाव्हणे येत्यात दिशाला बघायला. आत आले, दार लोटलं, मागं वळून बघते तर ही.

नाथा: म्हणजे ओळखलंस.

कुसाबाई: सख्ख्या भावजयीला नाय ओळखायची? अजून वर्ष नाय झालं चंद्रभागेला जाऊन. पन गेलेल्या मानसाला असं काढतात व्हय? डोळ्याखाली पांढरं, ओठ पांढरे, बोटं पांढरी. सारं कोड उघडं करून ठेवलंस.

नाथा: तिला कोड होतं, अक्का.

कुसाबाई: मला ठाऊक नाय का. म्हनून ते टांगायचं?

नाथा: काल काच बसवून आणली. आज लावलं. घे, पाणी घे.

दिशा: आलीस आत्या? मी पोहे भिजवत होते. माठातलं दिलं ना अण्णा? फ्रीज बंद आहे, लाईट गेलीये.

कुसाबाई: तीस वर्सं बाप एकलहऱ्याला विजेच्या कारखान्यात, आन घरात पंखा नाय.

नाथा: वीज करणारे वेगळे होते. मी तिथले पाइप रंगवत होतो.

दिशा: येते अकराच्या सुमाराला. लोडशेडिंग आहे, सगळ्यांकडेच नाही. तोपर्यंत दार उघडं ठेवलं की वारा येतो.

कुसाबाई: वाऱ्याचं राहू दे. तू बघितलं का बापानं काय करून ठेवलंय?

दिशा: पाहिलं सकाळी. लांबून. लाईट जायच्या आत साडीला इस्त्री करायची होती मला.

कुसाबाई: मंग बोलली का नाय?

दिशा: मला वाटलं, तू येशील आणि तू बोलशील.

नाथा: ऐका दोघी. चित्र उतरणार नाही. त्याच्याखेरीज काय असेल ते बोला.

कुसाबाई: मंग आतल्या खोलीत तरी लाव. नायतर त्या समोरच्या भिंतीवर, कोपऱ्यात.

नाथा: आतल्या खोलीत मी एकटा झोपतो. मला दाखवायला नाही काढलं. समोरच्या भिंतीला ओल आहे, अन् तिकडं दुपारभर खिडकीचं ऊन. पाण्याचे रंग ओलीनं खराब होतात, उन्हानं उडतात. दाराजवळची ही एकच भिंत धड आहे.

कुसाबाई: तुझ्या रंगाची तुला पडलीय. मी त्या लंकाबाईला काय सांगून ठेवलंय, ठाऊक हाय?

नाथा: लंकाबाई कोण?

दिशा: ज्ञानेशची आई.

कुसाबाई: व्हय, तीच. माझ्या घरापासून चौथं घर. तिनं इचारलं, पोरीची आई कशी होती. मी म्हनलं, गोरी होती.

दिशा: आत्या.

कुसाबाई: खोटं हाय का?

नाथा: अर्धी गोरी होती म्हणायचं मग.

कुसाबाई: थट्टा करू नको. तिनं सरळ इचारलं होतं, घरात कुनाला कोड, दमा, असलं काय हाय का. मी म्हनलं, नाय बाई, दमा नाय.

दिशा: हे मला आत्ता सांगतेस तू?

कुसाबाई: आधी सांगून काय केलं असतं? पहिली दोन स्थळं कशी मोडली, इसरलीस?

दिशा: एकांची पत्रिका जुळली नाही.

कुसाबाई: आन दुसरं?

दिशा: दुसऱ्यांचं सगळं छान चाललं होतं. मग आई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. चहा तसाच राहिला कपात.

कुसाबाई: बघ. म्या काय निराळं सांगते? आई गेली की पोरीचं लगीन वर्षाच्या आत करायचं, नायतर तीन वर्सं थांबायचं. पौषात वर्ष भरतंय. ही सव्वीसची. अजून तीन वर्सं थांबली की बिजवरच बघायचा.

नाथा: मी ती चाल मानत नाही.

कुसाबाई: तू नको मानू. मागणी घालनारे मानतात. म्हनून तर मी तयारीनं आले. ती पिशवी दे गं इकडं. हां, ते गुंडाळलेलं. सोड.

दिशा: फोटो आहे. मोठा केलाय. अगं, ही...

नाथा: कोण ही?

कुसाबाई: कोन म्हंजे? चंद्रभागा.

नाथा: चंद्रभागेकडं पैठणी नव्हती.

कुसाबाई: आता हाय. तिचं मतदानाचं कार्ड नेलं होतं ना मी तेराव्याच्या वेळी, त्याच्यावरचं तोंड घेतलं. स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरात घालून मोठं केलं, डाग पुसले. बघ कसा एकसारखा रंग आला.

दिशा: मेणाची वाटते.

कुसाबाई: फोटूत समदीच तशी दिसतात. मांडीवर हात ठेवून कशी बसलीय बघ, घरंदाज.

नाथा: हे हात कोणाचे?

कुसाबाई: कुनाचे म्हंजे?

नाथा: ह्या उजव्या हाताची करंगळी वाकडी आहे. चंद्रभागेची सरळ होती.

दिशा: आत्या, तुझा हात बघू.

कुसाबाई: माझ्या हाताचं काय मधीच?

नाथा: कडबा तोडताना कोयता लागला होता. तुझ्या आजोबांनी खांद्यावर टाकून दवाखान्यात नेली होती हिला. तीच ही करंगळी.

कुसाबाई: बरं, हाय माझी. स्टुडिओवाला म्हनला, नुसतं तोंड हाय, खाली अंग लागंल. आता ते कुठून आनू? सुनेची पैठणी नेसले आन बसले.

नाथा: म्हणजे मान तिची, अन् मानेखाली तू.

कुसाबाई: जोड दिसतो का कुठं? सांग.

नाथा: जोड नाही दिसत. काम चांगलं केलंय त्यानं. आता ह्याला चंदनाचा हार घालायचा ना मी?

कुसाबाई: मंग, गेलेल्या मानसाच्या फोटूला घालतातच.

नाथा: हार गळ्यातून खाली येतो, अक्का. छातीवर. तिथं तू आहेस.

दिशा: अण्णा, नका ना.

नाथा: मी काय खोटं बोलतोय? रोज सकाळी उदबत्ती ओवाळायची. तोंड तिचं, बाकी सगळी तू. जिती.

कुसाबाई: दे इकडं ते.

नाथा: घे की.

कुसाबाई: पालथं घाल पिशवीत. दिशा, हसू नको. काय अभद्र बोलतो हा. म्या कुणासाठी केलं हे, माझ्यासाठी?

दिशा: नाही गं आत्या. तुला हसत नाही मी. पण बसताना तुझ्या ध्यानात नाही आलं?

कुसाबाई: तो म्हनत होता मान वर करा, हात हलवू नका. त्यात कुठं ध्यान राहतंय.

नाथा: पाणी पी अजून.

कुसाबाई: पिते. बरं, माझा फोटू नको. तुझं चित्रबी नको. भिंत मोकळी ठेव. मिटलं.

नाथा: भिंत मोकळीच होती इतकी वर्षं. तिचा एक फोटो नाही ह्या घरात. भावकीतल्या कुठल्याही लग्नाचा अल्बम काढ, ती पाठमोरी आहे, नाहीतर नाही. फोटोवाला आला की तू म्हणायचीस, चंद्रभागे, चुलीकडं बघ गं जरा.

कुसाबाई: तीच जायची आपली आपन.

नाथा: चार वेळा सांगितलं की पाचव्यांदा माणूस आपलं आपण जातं.

कुसाबाई: म्या तिचं वाईट केलं का कधी? तिचं बाळंतपण कोणी काढलं? अहेव गेली, मळवट भरून गेली, तिला हळद म्या लावली माझ्या हातानं.

नाथा: ती हळद मी बघितली.

कुसाबाई: काय बघितलं?

नाथा: सवाष्णीला लावतात तेवढी नाही लावलीस. कपाळापासून मनगटापर्यंत लिंपलंस तिला. भावकी यायच्या आत. एक बोट उघडं ठेवलं नाहीस.

कुसाबाई: लोक बघनार होते, नाथा. शेवटचं.

नाथा: म्हणून तर. शेवटचं बघायला मी पण होतो. मला ती दिसली नाही. पिवळी बाई होती कोणतरी.

दिशा: अण्णा, बसा तुम्ही. खुर्चीवर बसा.

नाथा: उभा बरा आहे मी.

दिशा: मग मी बोलते. मला हे स्थळ हवंय.

कुसाबाई: हां. आता बोलली.

दिशा: पाव्हणे येताहेत म्हणून नाही, आणि तीन वर्षांच्या भीतीनं पण नाही. ज्ञानेशनं ऑफिसात फोन केला होता मला. सातपूरला, लंच टाइममध्ये.

कुसाबाई: बघायच्या आधीच?

दिशा: त्याला एवढंच सांगायचं होतं की इगतपुरीला रेल्वेचं क्वार्टर मिळालंय ते गळतं. चार महिने कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी येते, मागची बायको... म्हणजे त्याच्या आधी तिथे राहणाऱ्याची बायको भांडून माहेरी गेली होती. म्हणाला, नंतर कळण्यापेक्षा आधी सांगतो. चालणार नसेल तर आम्ही येत नाही.

नाथा: तू काय म्हणालीस?

दिशा: म्हटलं, या.

कुसाबाई: गुणाचा हाय पोरगा. म्या सांगत नव्हते?

दिशा: अण्णा, एका तासाचा प्रश्न आहे. ते जातील, मी माझ्या हातानं परत लावीन. आई असती तर तिनंच सांगितलं असतं, काढा म्हणून.

नाथा: हो. सांगितलं असतं.

दिशा: मग?

नाथा: म्हणून नाही काढणार. सांगायला ती नाही आता. तिच्या तोंडून लोकांनी सांगायचं, ते मी ऐकणार नाही.

कुसाबाई: पोरीच्या जन्माचा प्रश्न हाय आन ह्याला चित्र. म्हातारपणी लहान पोरासारखी रंगाची पेटी घेऊन बसतो. काढायचंच तर गड काढावा, देवी काढावी. गंगा-गोदावरीवर घाट हाय, रविवारी तिथं किती जण काढत बसलेले असतात.

नाथा: त्यांच्यातच बसतो मी. घाट काढला सगळ्यात आधी. घाट सोपा आहे. दगड ओले, पाणी ओलं, भरला ब्रश फिरवला की अर्धं काम झालं. सगळे म्हणाले छान. मी पण म्हटलं छान. पण घाटाशी माझं काय देणंघेणं नव्हतं.

दिशा: मग अण्णांनी चिमण्या काढल्या आत्या. एकलहऱ्याच्या. धूर बघशील तर.

कुसाबाई: धुराचं काय बघायचं.

नाथा: धूर मी काढला नाही. कागद ओला केला, राखाडी पाण्याचा थेंब सोडला, अन् हात मागं घेतला. तो आपला आपण वर गेला. तीस वर्षं रोज बघत होतो, पण वाऱ्यानं कसा लवतो ते कागदावर कळलं. मग चंद्रभागेच्या बाजारच्या पाटीतलं काढायला लागलो. मेथी, कांदे, वांगी. मेथीला पानं काढली तर ती कापडाची दिसते. हिरवं पाणी सोडायचं अन् सुकायच्या आत मध्ये थोडं दाट टेकवायचं. कांद्याला पाणी जास्त लागतं, त्याच्या सालीतून पलीकडचं दिसलं पाहिजे. वांगं हट्टी. त्याच्यावरची चकाकी आधीच सोडून ठेवावी लागते. ती जागा रंगानं भरली गेली की वांगं मेलं, मग काही करा.

कुसाबाई: वांग्याची भाजी कर म्हनावं.

नाथा: केली. बघून झाल्यावर दिशानं केली.

दिशा: आई हयात होती तेव्हा. ती म्हणाली होती, वांगं जमलं, देठ चुकला.

नाथा: देठ चुकलाच होता. तिला भाजी कळत होती. अक्का, कारखान्यात माझं काम काय होतं सांग. पाइपाला गंज दिसला की घासायचा, तांबडा प्रायमर मारायचा, वर रंगाचे दोन हात. खाली काय होतं ते दुसऱ्या दिवशी मला पण सांगता आलं नसतं. साहेब यायचे, म्हणायचे नवीन दिसतंय. झाकायचा पगार होता तो. हा पाण्याचा रंग काहीच झाकत नाही. खालची पेन्सिल दिसते, चुकलेलं दिसतं, आधीचा रंग वरच्या रंगातून दिसतो. सुरुवातीला राग यायचा. दोनदा पेटी टाकून दिली.

दिशा: मीच उचलून आणली कचऱ्यातून.

नाथा: ती गेल्यावर तिला काढायला बसलो. रोज. होईना. तोंड यायचं, पण कोड यायचं नाही. पांढरा रंग मिळतो पेटीत. तो लावला की चुना फासल्यासारखी दिसायची. हळद काय अन् चुना काय. रविवारी घाटावर एक शिकवणारे असतात, त्यांना दाखवलं. त्यांनी नाव नाही विचारलं, कोण बाई नाही विचारलं. एवढंच म्हणाले, पांढरा लावू नका, तेवढी जागा सोडा. कागद पांढराच आहे.

कुसाबाई: म्हंजे?

नाथा: म्हणजे तू जे पांढरं बघतेस ना, डोळ्याखाली, ओठावर, तिथं मी काहीच केलं नाही. तिथं ब्रश लागलाच नाही. बाकीची काढली. तेवढी आहे तशी राहू दिली.

दिशा: बघू.

कुसाबाई: अगं पोहे बघ, चित्र काय बघते.

दिशा: थांब आत्या. अण्णा, हा डोळ्याखालचा, असा नाकाकडे वळलेला. माझ्या लहानपणी एवढा नव्हता.

नाथा: तू दहावीला गेलीस त्या वर्षी वाढला.

दिशा: मी त्याला बदक म्हणायचे. आईला म्हणायचे, तुझ्या गालावर बदक बसलंय.

नाथा: चोच बरोबर आली का? मला शंका होती.

दिशा: आलीये.

कुसाबाई: लांबून बघितलं ना, डाग नाय वाटत ते. हिकडं उभी ऱ्हा माझ्याजवळ. ऊन पडल्यावानी वाटतं. झाडाखाली बसलं की पानांतून पडतं तोंडावर, तसं.

दिशा: हो. वाटतं खरं.

कुसाबाई: मंग झालं की. ऱ्हाऊ दे चित्र. कुनी इचारलं तर म्हनायचं, उन्हात बसली होती. नाथा, हे मातर मस्त केलंस तू.

नाथा: ऊन नाही. कोड आहे.

कुसाबाई: तुला कोन इचारतंय? म्या सांगते ना.

नाथा: तू ऊन म्हणालीस की मी लगेच कोड म्हणणार.

कुसाबाई: आईनं काय खाऊन काढला ह्याला. देवा.

दिशा: अण्णा, आई हातात काय धरून आहे? मेथी?

नाथा: मेथीची जुडी. तेवढ्यापुरती जमली.

दिशा: हात असा पुढे का केलाय? पडल्यासारखी वाटतेय जुडी, कागदाच्या बाहेर.

नाथा: देतेय ती. बाजारात बसायची तेव्हा गिऱ्हाईक काय म्हणायचं?

दिशा: पोत्यावर ठेव.

नाथा: जुडी पोत्यावर ठेव, हातात नको देऊ. रोज कोणीतरी म्हणायचंच. लागत नाही त्यानं कोणाला काही, डॉक्टरनं सांगितलं होतं, त्या बायकांना पण ठाऊक होतं. तरी. अन् ही ठेवायची पोत्यावर. पैसे पण पोत्यावरून उचलायची. इथं ती हातात देतेय. जो समोर उभा राहील त्याच्या हातात.

दिशा: आणि बघतेय पण.

नाथा: बघतेय. फोटोवाला नव्हता ना समोर.

कुसाबाई: मला बी एकदा देत होती. मेथीच. मी पदर पसरला. हात नाय पुढं केला.

नाथा: ते मला कशाला सांगतेस.

कुसाबाई: आठवलं म्हनून. तुम्ही बापलेक बोलत बसा, पावनेअकरा झाले. म्या पोह्याला फोडनी देते.

दिशा: आत्या, कढीपत्ता फ्रीजवर आहे. अण्णा, मला एक सांगा. उद्या त्यांनी नाही म्हटलं तर?

नाथा: नाही म्हणतील.

दिशा: तुम्हाला काहीच वाटणार नाही?

नाथा: वाटेल. तू रडशील तेव्हा मी तुझ्यासमोर बसलेला असेन, उठून जाणार नाही. पण हो म्हणाले अन् मग कळलं, तर तू काय करशील? आयुष्यभर आईचं नाव निघालं की विषय बदलशील. पोराच्या अंगावर घामोळं आलं तरी दचकशील. उद्या तुझ्या अंगावर एक ठिपका दिसला तर लांब बाह्यांचे ब्लाऊज शिवशील. मी बघितलंय ते. वैशाखात लांब बाह्या.

दिशा: मला माहिती आहे. मीच शिवून आणायचे.

नाथा: त्या पोरानं तुला गळकं घर सांगितलं. तुला आवडलं ते.

दिशा: हो.

नाथा: आपण त्याला काय सांगितलं? दमा नाही.

दिशा: थांबा, दाराची फळी किती मागे जाते ते बघते.

कुसाबाई: फोडनी दिली. काय ठरलं?

दिशा: ठरलं. चित्र इथेच राहील. दार उघडं ठेवायचं. दाराची फळी भिंतीला टेकते तेव्हा चित्र पूर्ण मागे जातं, कोणाला दिसत नाही. लाईट नाही, त्यामुळे दार उघडंच असणार, कोणी विचारणार नाही. अण्णा, तुमचं चित्र उतरलं नाही. आत्या, तुझं खोटं उघडं पडलं नाही.

कुसाबाई: आईच्या वळणाची हाय. हुशार.

नाथा: दार झाकणाला वापरायचं.

दिशा: अण्णा, मी काढा म्हणत नाही. उलटं करा म्हणत नाही. दाराला हात लावू नका एवढंच म्हणते. माझ्यासाठी.

नाथा: तुझ्यासाठी?

दिशा: हो. बघायला मला येताहेत. तुम्हाला नाही, आत्याला नाही. दार माझं मी बघेन.

नाथा: बरं. दाराला हात लावणार नाही. पण कोणी विचारलं तर ऊन म्हणणार नाही.

दिशा: नका म्हणू.

कुसाबाई: दाराला दगड लाव गं, वाऱ्यानं लोटतं ते. हां, तो वरवंटा लाव. आता बघ, भिंत कशी मोकळी दिसती. नाथा, सदऱ्याची वरची गुंडी लाव.

नाथा: लावली.

कुसाबाई: आन तोंड असं ठेवू नको. सुतकातल्यावानी.

नाथा: सुतक सोडून दुसरं काय आहे मला?

कुसाबाई: तासभर दुसरं काय तरी असू दे.

(बाहेर जीप थांबते. चपला काढल्याचे आवाज, माणसांची कुजबुज.)

कुसाबाई: या या. लंकाबाई, सांभाळून, उंबरा उंच हाय. हितं बसा, दारासमोर, वारा लागतो. ज्ञानेश, तू बी बस की खुर्चीवर, उभा काय. हा माझा भाऊ, नाथा.

नाथा: बसा. पाणी घ्या. घर सापडायला त्रास नाही ना झाला?

कुसाबाई: कशाचा त्रास, जेलरोडला आलं की कुनीबी सांगतं. लाईट नाय बघा सकाळपास्नं. दार उघडं हाय म्हनून बरं.

नाथा: येईल आता.

कुसाबाई: दिशा, ये गं. ही आमची दिशा. पोहे तिनंच केलेत. घ्या, लंकाबाई. लिंबू पिळा. हां, तेच सांगत होते, पोरगी कामाची हाय, हापिस करून घर सांभाळते. आई गेल्यापास्नं समदं हिच्यावर.

नाथा: घ्या ज्ञानेश, पोहे घ्या.

कुसाबाई: काय म्हनता? व्हय, फोटू नाय लावलेला. ते काय झालं, मोठा करायला टाकलाय स्टुडिओत. यायचाय. तुम्हाला म्हनलं ना, भावजय माझी...

नाथा: लाईट आली.

कुसाबाई: आली का. बरं झालं. पंखा जरा हळू ठेव, पोहे गार व्हत्यात. दिशा, आता कुठं निघाली? बस की.

दिशा: बसते.

कुसाबाई: वरवंटा कशाला काढला? असू दे दार, लंकाबाईंना वारा लागतोय.

दिशा: पंखा लागलाय, आत्या. दार ओढून घेते. त्याच्यामागे आई आहे.